आरएसएसआय चांगला, तरी पॅकेट गायब

वायरलेस सेन्सरची रेंज टेस्ट झाली की सगळ्यांना एकच आकडा हवा असतो: किती मीटर? मी उलट विचारते, "नॉइज फ्लोअर, म्हणजे चॅनलमधला पार्श्वभूमीचा गोंगाट, किती होता तेव्हा?" मग बोलणं थोडं थंडावतं.

परवाची टेस्ट अशीच. दोन लोरा (कमी पॉवरवर लांब पोचणारा रेडिओ) मॉड्यूल, ८६६ मेगाहर्ट्झ, १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ, एसएफ७ (स्प्रेडिंग फॅक्टर ७, लोराची वेगवान सेटिंग), पॉवर १४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). मोकळं मैदान, दोन्ही अँटेना एकमेकींना दिसतायत. एक किलोमीटरही पुरतं झालं नव्हतं आणि दर तिसरं-चौथं पॅकेट गळायला लागलं. आरएसएसआय, म्हणजे रिसीव्हरला मिळणारी सिग्नलची ताकद, बघावा तर −९५ डीबीएमच्या आसपास. एसएफ७ ला हा रिसीव्हर साधारण −१२३ पर्यंत ऐकतो. म्हणजे जवळजवळ ३० डीबी हातात शिल्लक असताना पॅकेट पडत होती.

"मॅडम, पॉवर वाढवू या का?" बरोबरचा मुलगा म्हणाला. दुसऱ्याला फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती जी जागा मोकळी लागते तिची, शंका आली. शंका रास्तच म्हणायची, कारण एक किलोमीटरच्या लिंकला मधोमध त्या झोनची त्रिज्या नऊ मीटरच्या वर जाते आणि आमचे खांब तेवढे उंच नव्हते. पण झोन अडला तर सिग्नल पडेल, आरएसएसआय खाली येईल. इथे आरएसएसआय ठणठणीत होता आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) शून्य ते −७ डीबीमध्ये हेलकावे खात होता. एसएफ७ ला −७.५ च्या खाली काही वाचता येत नाही, म्हणजे आम्ही कड्याच्या टोकावर उभे होतो. सिग्नल दणकट आणि एसएनआर मरतुकडा, ही जोडी दिसली की अँटेना, उंची, झाडं सगळं बाजूला ठेवायचं. काहीतरी वाजतंय, ते शोधायचं.

ट्रान्समीटर बंद करून रिकाम्या चॅनलचा आरएसएसआय वाचला. तो किती असायला हवा हे कागदावर काढता येतं: उष्णतेमुळे असतोच तो गोंगाट −१७४ डीबीएम प्रति हर्ट्झ, १२५ किलोहर्ट्झचे ५१ डीबी, वर रिसीव्हरची नॉइज फिगर (त्याने स्वतः घातलेली भर) ६ धरली तर −११७. आम्हाला दिसत होतं −९८ ते −९४, तेही नाचत. वीस डीबी! मोकळ्या हवेत वीस डीबी म्हणजे दसपट अंतर. जमिनीलगत तोटा अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो असं धरलं तरी तिपटीहून जास्त. पॉवर वाढवून हे भरून काढायचं तर १४ चे ३४ डीबीएम करावे लागले असते, अडीच वॉट! बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरला.

आता गोंगाट बाहेरचा की आपला? यासाठी मला यागी, म्हणजे एकाच दिशेला ऐकणारी अँटेना, आवडते. रिसीव्हरच्या साध्या अँटेनाच्या जागी यागी लावली आणि गोल फिरवली. बाहेरचा स्रोत असेल तर एका दिशेला आकडा चढतो, दुसरीकडे उतरतो. आमचा आकडा ढिम्म. कुठेही तोंड करा, तेवढाच. म्हणजे गोंगाट यागीच्या तोंडातून येतच नव्हता, आमच्याच पसाऱ्यातून कुठूनतरी शिरत होता. काखेत कळसा म्हणतात तो प्रकार.

एसडीआर डाँगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) लावून वॉटरफॉलही बघितला, म्हणजे आडवी फ्रिक्वेन्सी आणि उभा वेळ असं चित्र. वॉटरफॉल वाचायची सवय डोळ्याला लागते. बारीक उभी रेघ म्हणजे बहुधा कुठल्यातरी क्लॉकचा हार्मोनिक, म्हणजे त्याच्या फ्रिक्वेन्सीची पूर्ण पट. २४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा छत्तिसावा हार्मोनिक थेट ८६४ ला पडतो, आणि संशयित क्रिस्टलवर बोट टेकवून ते जरा गरम केलं की रेघ सरकते. सरकली की चोर सापडला. आमच्याकडे रेघ नव्हती. पूर्ण रुंदीभर आडवे पट्टे, थांबून थांबून. हे स्विचिंग सप्लायचं, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटचं, लक्षण.

मग एकेक गोष्ट काढत गेलो. लॅपटॉप सोडवला, लॉग मॉड्यूलच्याच मेमरीत घेतला. फरक नाही. पॉवर बँक काढून साधे सेल आणि लिनिअर रेग्युलेटर जोडला, आणि आकडा −११६ वर जाऊन बसला. पॉवर बँकेत सेलच्या ३.७ व्होल्टचे ५ करणारा बूस्ट कन्व्हर्टर असतो. रिसीव्हर जेमतेम दहा-बारा मिलिअँपिअर ओढतो, एवढ्या हलक्या लोडवर असा कन्व्हर्टर सलग न चालता मधूनमधून झटके मारतो. ते आडवे पट्टे त्याचेच. अँटेनापासून वीतभरावरून गेलेली केबल हा गोंगाट हवेत सोडत होती. केबलवर फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय रिंग) लावून बघायचा मोह झाला, पण खणात जी रिंग असते ती बहुतेक वेळा ३१ मटेरियलची, आणि ती ३०० मेगाहर्ट्झच्या पुढे ढेपाळते. ८६६ ला ६१ मटेरियल हवं. फेराइट दिसला की लावायचा, ही पद्धत मला पटत नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण मैदानाच्या एका टोकाला मोबाइल टॉवर होता. तिथे रिसीव्हर पुन्हा बहिरा. ८५० बँडचा डाउनलिंक ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ, म्हणजे आमच्या चॅनलच्या अगदी भिंतीला भिंत लावून. टॉवर आमच्या चॅनलमध्ये बोलत नाही, तो फक्त शेजारी उभा राहून ओरडतो आणि रिसीव्हरचा पुढचा भाग गुदमरतो. याची चाचणी सोपी आहे: अँटेना आणि रिसीव्हरच्या मध्ये १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) लावायचा. गोंगाट खरोखर हवेतला असेल तर तो १० डीबीने उतरतो. रिसीव्हरच्या आत दोन जोरदार सिग्नलच्या मिसळणीतून तयार झालेला असेल तर तिसऱ्या ऑर्डरच्या हिशेबाने ३० ने. आमचा धाडकन खाली आला आणि सिग्नल १० डीबीने कमी होऊनही पॅकेट सुधारली. अटेन्युएटर लावून रेंज वाढते, हे बघितल्याशिवाय नवीन माणसाचा विश्वास बसत नाही. त्या मुलाने तो दोनदा काढून लावून बघितला.

पुढे तिथे सॉ फिल्टर, म्हणजे ठरावीक बँडच आत सोडणारा फिल्टर, बसवला. तो २-३ डीबी खातो आणि बँडच्या अगदी कडेचं त्याला नीट कापताही येत नाही, तरी त्याने काम भागलं.

अहवालात मी आता रेंजचे दोन आकडे देते, शांत जागेचा आणि टॉवरजवळचा, आणि दोन्हींसमोर रिकाम्या चॅनलचा आरएसएसआय. एकच आकडा हवा असा आग्रह झाला तर लहान आकडा देते.