सुभेदार मामांशी जुंपली

आज जेवताना सैन्यातल्या समलिंगी जवानांवरून मामांशी जुंपली. मामा निवृत्त सुभेदार, पक्के सातारकर. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण जानेवारी २०१९ मध्ये लष्करप्रमुख बिपिन रावत म्हणाले, सैन्यात हे चालणार नाही. मामांचंही तेच. "बंकरमध्ये अंगाला अंग लावून झोपतो आम्ही, कळतंय का तुला?"

म्हटलं, मामा, असे जवान तेव्हाही असतीलच की! फक्त तोंड दाबून. आर्मी ॲक्टचं कलम ४६ आजही 'अनैसर्गिक' वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद सांगतं. अमेरिकेने २०११ मध्ये बंदी उठवली, फौज काही मोडून पडली नाही.

मामा भाकरी कुस्करत म्हणाले, "होता एक आमच्या पलटणीत. वायरलेसवर त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता."

नाव विचारलं तर डोळे वटारले. संध्याकाळी चहाला परत बसवणार आहे त्यांना.