मांडीचा तपकिरी, कातड्याचा तपकिरी

28 मिमीच्या छोट्या मूर्ती रंगवायला घेतल्या होत्या: चोवीस झुलू योद्धे, दक्षिण आफ्रिकेतल्या 1879 च्या इसांडलवानाच्या, इंग्रजांविरुद्धच्या लढाईतले. अंग झालं, भाले झाले, ढालीही झाल्या. अडलं ते कमरेच्या टीचभर कातड्यापाशी, आणि तिथे जितका वेळ गेला तितका बाकी सगळ्याला मिळून लागला नाही.

इबेशु म्हणजे मागच्या बाजूला लोंबणारा, वासराच्या मऊ केलेल्या कातड्याचा चौकोनी तुकडा. पुढे इसिनेने, म्हणजे केसाळ पट्ट्यांचा नि शेपट्यांचा झुबका. दोन्ही मिळून उमुत्शा. मी अंगाला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, दिला होता आणि इबेशुला तोच, थोडा पांढरा मिसळून. वरून सगळ्यांवर एकच तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. हातात धरून पाहिलं तर फरक कळत होता. टेबलावर ठेवून दोन फुटांवरून पाहिलं, तर चोवीसच्या चोवीस उघडे!

मग आणखी पांढरा घातला. कातडं खडूसारखं पिठूळ झालं, जणू प्लास्टर बांधलंय. ते खरवडून कडेने काळी रेघ ओढली, तर मुलांच्या चित्रकथेतली माणसं उभी राहिली. चूक फिकट-गडदची नव्हतीच. अंबर मुळात उबदार, त्यात वॉशही उबदार. कातडं कितीही उजळवा, वॉश त्याला ओढून अंगाच्याच छटेत आणतो.

सुटलं ते असं. अंगासाठी बर्न्ट अंबर तीन भाग, काळा एक भाग. उजळ भागांवर बर्न्ट सिएना. म्हणजे अंग लालसर. कातडं मात्र पिवळट-करड्याकडे न्यायचं: यलो ऑकर दोन भाग, अंबर एक, करडा एक. वॉश अख्ख्या कातड्यावर ओतायचा नाही, 00 नंबरच्या ब्रशच्या टोकाने फक्त घड्यांत आणि कमरपट्ट्याच्या खाली सोडायचा. शेवटी त्याच मिश्रणात आयव्हरी घालून खालच्या कडेला, विशेषतः दोन कोपऱ्यांना, तुटक रेघ. कातडं झिजतं ते तिथेच.

आणि सगळे इबेशु एकाच रंगाचे करायचेच कशाला? झुलूंची न्गुनी गुरं काळी, तांबडी, बांडी, ठिपक्यांची, सगळ्या रंगांची. चोवीसांतले सात-आठ काळे-करडे आणि चार-पाच बांडे केले, तेव्हा कुठे तपकिरी गर्दी फुटली. हे आधी सुचलं असतं तर तीन बैठका वाचल्या असत्या. काळ्यासाठी निव्वळ काळा वापरू नका, त्यात थोडा अंबर हवा. कडांना गडद करडा.

इसिनेनेवर फार घाम गाळू नये. गडद तपकिरीवर उभा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर हलका रंग), दोन-तीन पट्ट्यांवर जेनेट या मांजरासारख्या प्राण्याच्या कातड्यासारखे ठिपके, झालं.

ढालीवरच्या बांड्या डागांची कड गुळगुळीत ओढलीत तर ती ढगासारखी दिसते. केसांच्या दिशेने बारीक फटकारे मारा. पांढऱ्या ढालीची सुरुवात करड्या-पिवळट रंगाने, वर आयव्हरी, शुद्ध पांढरा अगदी थोडा. मधल्या उभ्या चिरांतून ओवलेल्या पट्ट्या ढालीच्या उलट रंगाच्या, आणि तुटक. सलग रेघ ओढली की शिडी होते. ढोबळमानाने तरुण पलटणींच्या ढाली काळ्या, वयस्कांच्या पांढऱ्या. पण 1879 पर्यंत हा नियम बराच सैल झाला होता, म्हणून मिसळ चालते.

अंग आधी पूर्ण संपवा, कातडं नंतर. उलट केलंत तर मांडीचा प्रत्येक फटकारा इबेशुवर चढतो. आणि एका वेळी सहाच घ्या. चोवीसांचं कातडं एकत्र रंगवायला घेतलं की शेवटच्यांपर्यंत मिश्रण बदलतं.

दंडाला नि गुडघ्याखाली बांधलेल्या गाईच्या शेपट्या बऱ्याच मूर्तींवर मुक्त हस्ताने कोरलेल्या असतात. तो सणासमारंभाचा थाट. लढाईला निघताना बहुतेक जण तो घरीच ठेवत. दोन-चार वडीलधाऱ्यांवर राहू द्या, बाकीच्या कापून टाका. डोक्यावरचं काळं कडं, इसिकोको, फक्त विवाहितांना. मेण लावून चकचकीत केलेलं असे, म्हणून त्यावर ग्लॉस वार्निश. अंगावर सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचं. कातड्यावर मात्र पूर्ण मॅट, म्हणजे बिनचमकीचं, आणि ब्रशने: जुलैच्या दमट हवेत मॅटचा स्प्रे मारलात तर पांढरी साय धरते, आणि ती सगळ्यात आधी दिसते काळ्या इबेशुवर.