कागद बाजूला ठेवून

६ जुलै, रात्री साडेअकरा

२०२० साली याच तारखेला इटालियन सिनेसंगीतकार एन्नियो मोरिकोने गेले. दरवर्षी आज त्यांचं संगीत असलेला एखादा सिनेमा लावते. या वेळी पडदा नको वाटला. एन्रिको पिएरानुन्झी, मार्क जॉन्सन आणि जोई बॅरन यांचा २००१ सालचा जॅझ अल्बम ‘प्ले मोरिकोने’ लावला. पियानो, डबल बास, ड्रम्स. तिघंच.

पिएरानुन्झी रोमचाच. मोरिकोनेंच्या सिनेसंगीताच्या रेकॉर्डिंगला तो स्वतः पियानो वाजवायचा. तिथे कागदावर लिहिलंय तेच वाजवायचं, दृश्य संपलं की सूरही संपला पाहिजे. तोच माणूस पुढे स्वतःच्या त्रिकुटात कागद बाजूला ठेवून त्या चालींकडे येतो, तेव्हा त्याला घाई नसते. चाल एकदा सांगतो आणि सोडून देतो. मुरलेला गवई मुखडा घेऊन विस्तारात शिरतो आणि बराच वेळ फिरकत नाही, पण सम कुठे आहे हे आपल्याला कळत असतं, तसंच. त्या सोडून दिलेल्या जागेत मला सिनेमा जास्त दिसतो.

जॉन्सन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या शेवटच्या त्रिकुटातला. हेडफोनवर त्याचं बोट जाड तारेवरून घसरल्याचं ऐकू येतं, आणि मग सूर. बॅरनचं तर नवलच. सॅक्सोफोनवादक जॉन झोर्नच्या ‘नेकेड सिटी’ या रेकॉर्डवर, १९९० मध्ये, मोरिकोनेंचंच ‘सिसिलियन क्लॅन’ वाजवणारा हाच. त्या रेकॉर्डवर किंकाळ्या आणि कल्लोळ आहे. इथे तो ब्रश ड्रमवर नुसता फिरवतो, तांदूळ पाखडल्यासारखा.

प्रयोगशील जॅझ ऐकणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला हे फार गोड वाटतं. मला नाही पटत. मोरिकोने स्वतः रोमच्या ‘नुओव्हा कोन्सोनान्त्सा’ या गटात ट्रम्पेट घेऊन उत्स्फूर्त वादन करायचे, चाल नाही, ठेका नाही, ट्रम्पेटमधून निघेल तो आवाज. त्यांच्या सुरावटी मोकळ्या सोडल्या म्हणजे त्यांच्याशी बेइमानी झाली असं कसं म्हणायचं? ही मोकळीक त्यांच्या घरातलीच आहे.

दहाच्या सुमाराला बाबा पाणी प्यायला आले. ते दाढी करताना अजून ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची शीळ घालतात. म्हटलं, त्याच संगीतकाराचं आहे, ऐका. हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला. बराच वेळ उभेच होते, तांब्या हातात.

“चाल कुठे गेली?”

“येईल.”

मग खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने त्यांच्या अंगठ्याने तांब्याच्या काठावर ठेका धरला. मधेच तो थांबला. “हा ड्रमवाला,” ते म्हणाले, “हात काढून घेतो बघ. नेमका तिथेच काढतो.”

मी तो तुकडा मागे नेऊन लावला. हेडफोनची एक बाजू त्यांच्या कानाला, एक माझ्या. खरंच, नेमका तिथेच.