चालीवर शब्द बसवताना मात्रा जुळतात, तरी गाणं अडखळतं का?

आधी चाल आणि मग शब्द, अशा पद्धतीने गीत लिहिताना बहुतेक जण मात्रा मोजतात आणि हिशेब जुळला की निश्चिंत होतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

केरवा या तालाचं उदाहरण घेऊ. 8 मात्रा, 4-4 चे दोन विभाग, पहिलीवर सम, म्हणजे तालाची सुरुवातीची जोरकस मात्रा, आणि पाचवीवर काल, म्हणजे टाळीविना दाखवायची खाली. संगीतकाराने ‘ला ला ला’ करून दिलेल्या चालीत मुखड्याची, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदाची, ओळ तालाच्या दोन आवर्तनांची (फेऱ्यांची), म्हणजे 16 मात्रांची आहे. त्यावर हा मुखडा बसतो :

आज अचानक दारी आला
ओळख नाही उरली त्याला

लघु अक्षराची 1 मात्रा आणि गुरूच्या 2 धरल्या, तर ‘आज अचानक’च्या 8 आणि ‘दारी आला’च्या 8. ‘आज’चा ‘आ’ समेवर येतो, ‘अचानक’मधला ‘चा’ बरोबर पाचव्या मात्रेवर पडतो, आणि ‘दा’ पुढच्या समेवर. बोलतानाही आपण ‘अचानक’मध्ये ‘चा’वरच भर देतो.

आता हेच शब्द उलटे करा : ‘अचानक आज दारी आला’. मात्रा तेवढ्याच, अर्थही तोच. पण समेवर दुबळा ‘अ’ आला, आणि पाचव्या मात्रेवर ‘क’, जो बोलताना जेमतेम ऐकू येतो. गायक त्या ‘क’ला ओढणार आणि ऐकणाऱ्याला शब्द तुटल्यासारखा वाटणार. म्हणून मात्रांआधी चालीतल्या वजनाच्या जागा कागदावर खुणेने टिपाव्यात : सम, काल, लांब स्वर आणि श्वासाची जागा. ‘अचानक’ऐवजी ‘अनपेक्षित’ घातलं तर मात्र हिशेबच चुकतो. एक मात्रा वाढते.

जोडाक्षरं मोजताना कानावर विश्वास ठेवा. ‘पत्र’मधला ‘प’ गुरू होतो, कारण ‘त्र’चा आघात मागे येतो. ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच राहतो, तिथे आघातच नाही. ‘पुन्हा’चंही तसंच.

लांब स्वरावर काय ठेवायचं, हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. मराठीत ‘श्रावण’, ‘पाऊस’ अशा शब्दांतला शेवटचा ‘अ’ बोलताना जवळजवळ नसतोच. त्यावर चार मात्रांचा ठहराव आला की ‘श्रावण’चं ‘श्रावणा’ होतं आणि उगाच कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटतं. तिथे दीर्घ स्वरान्त शब्द हवा : ‘आला’, ‘त्याला’, ‘दारी’. जागा तार सप्तकातली, म्हणजे उंच सुरांची असेल तर ‘आ’ किंवा ‘ओ’ बरा. ‘ई’, ‘ऊ’वर बऱ्याच गळ्यांत आवाज आवळला जातो.

अंतरा, म्हणजे ध्रुवपदानंतरचं कडवं, लिहिण्याआधी क्रॉसलाइनची सोय करून ठेवावी. क्रॉसलाइन म्हणजे अंतऱ्याची शेवटची ओळ. ती ध्रुवपदाच्या यमकावर परतते, म्हणजे तीन अंतरे असतील तर ‘-आला’ची आणखी तीन यमकं लागतात. ‘म्हणाला’, ‘निघाला’, ‘मिळाला’ ही क्रियापदं लगेच सुचतात, आणि तिन्ही ठिकाणी तीच वापरली तर गाणं बातमीसारखं वाटू लागतं. निदान एक तरी नाम किंवा सर्वनाम हवं. तेवढे शब्द सापडत नसतील तर मुखड्याचं यमक आत्ताच बदला. दोन अंतरे लिहून झाल्यावर ते बदलणं फार जड जातं.

लांबीचा अंदाजही आधीच घ्यावा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत केरव्याचं आवर्तन 4 सेकंदांचं, म्हणजे 16 मात्रांची ओळ 8 सेकंदांची. चार ओळींचा अंतरा 32 सेकंद, ध्रुवपदाची परतीची ओळ धरून 40. असे तीन अंतरे म्हणजे 2 मिनिटं. त्यात सुरुवातीला दोनदा घेतलेला मुखडा आणि मधलं संगीत मिळवलं की साडेतीन मिनिटं सहज होतात. चौथा अंतरा कितीही सुंदर सुचला तरी या लयीत त्याला जागा नाही.

शेवटी ओळी वाचू नका, टाळी देत म्हणा, आणि तेही चालीशिवाय. टाळी ज्या अक्षरावर पडते ते अक्षर बोलतानाही ठसठशीत वाटत नसेल, तर शब्दांची जागा बदलून पाहा. नवा शब्द शोधायची वेळ बहुधा येतच नाही.