आमची वाटचाल : गालिचा आणि चार महिन्यांचा पाऊस

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रत्नागिरीत दुकान टाकलं ते चटया, काथ्याची पायपुसणी आणि सोलापुरी सतरंज्या विकायला. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. गालिचा तेव्हा घरात क्वचितच दिसायचा. पुढे चाकरमान्यांनी गावची घरं नव्याने बांधली, सारवलेल्या जमिनी जाऊन टाइल्स आल्या आणि सोफ्यापुढे घालायला "कार्पेट आहे का हो?" अशी विचारणा सुरू झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा अण्णांनी ते काम माझ्यावर सोपवलं.

पहिलीच मोठी खरेदी फसली. एका घाऊक व्यापाऱ्याने 'हातकामाची लोकर' म्हणून बावीस गालिचे दिले. गणपतीच्या आधी सगळे खपले. दोन पावसाळे गेले आणि मालगुंडच्या एक काकू रिक्षात गालिचा घालून दुकानात आल्या. "अगो, ह्याला कुबट वास येतो. आणि खाली बघ, पीठ पडतंय." मी कोपरा उलटून दाबला. मागच्या कापडाखालून पांढरट पूड भुरभुर काउंटरवर पडली, बोटांना खरखरीत लागणारी. गालिचा हाताने केलेला होता हे खरं, पण गाठी मारून विणलेला नव्हता. ताणलेल्या कापडावर हातात धरायच्या यंत्राने धागे टोचायचे, मागून लेटेक्सचा, म्हणजे रबरासारख्या चिकाचा, लेप द्यायचा आणि वर दुसरं कापड चिकटवायचं, अशी ती पद्धत. याला टफ्टेड म्हणतात. हलक्या प्रतीचा लेप असेल तर आपल्या उष्ण दमट हवेत तो कडक होऊन चुरतो. एकूण नऊ गालिचे परत आले. व्यापाऱ्याने हात वर केले. अण्णा एवढंच म्हणाले, "आधी लोकांचे पैसे दे, मग त्याच्याशी भांड." नऊही जणांचे पैसे आम्ही परत केले. त्या वर्षी दिवाळीला घरात नवं कापड आलं नाही.

त्यानंतर मी आणि हे दोघं उत्तर प्रदेशात भदोहीला गेलो. तिथल्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मागावर बसलेला कारागीर ताण्याच्या, म्हणजे उभ्या ताणलेल्या, धाग्यांवर गाठ मारतो, सुरीने धागा कापतो, लगेच पुढची गाठ. तासभर बघत उभे होतो, तेवढ्यात गालिचा जेमतेम बोटभर वर सरकला. भाव का जास्त असतो ते त्या दिवशी कळलं. ओळखायची खूणही तिथेच शिकलो: गालिचा उलटा करा. गाठींचा असेल तर पाठीवर पुढचीच नक्षी दिसते आणि टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच धागे असतात. टफ्टेडच्या पाठीला कापड असतं, झालर मागाहून शिवलेली. एक धागा उपटून जाळला तर लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकचा धागा, मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो. 'आर्ट सिल्क' म्हणून मिळणारा माल बहुधा विस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला चमकदार धागा, असतो. पाणी सांडलं की तिथे तो पिवळट पडतो आणि त्याचे तंतू बसतात. तो आम्ही ठेवत नाही.

आमच्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोकर हवेतला ओलावा शोषते, आणि बराच शोषला तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून घर कुठलं, खोली तळमजल्यावरची का, जांभ्याच्या भिंतीला ओल येते का, हे मी आधी विचारते. ओल असेल तर सुती दरी, म्हणजे सतरंजीसारखं सपाट विणलेलं अंथरूण, किंवा लेटेक्स नसलेलं पॉलिप्रॉपिलीन, कितीही मोठं गिऱ्हाईक असलं तरी. वरच्या मजल्यावर कोरडी, उजेडाची खोली असेल तर लोकर जरूर घ्यावी. पायाला तिची सर दुसऱ्या कशाला नाही.

डागांचे फोन मात्र रोजचे. माशाचं कालवण सांडलं की बायका घाबरून साबण लावतात आणि हळद लालभडक होते. घासू नका, साबण लावू नका. कोरडं सुती फडकं दाबून रस टिपून घ्या, मग गार पाण्यात पिळलेल्या फडक्याने कडेकडून मधे या.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला आणि नंतर आठवडाभर चिखलाने माखलेले गालिचे आमच्याकडे येत राहिले. मागच्या अंगणात पाइप लावून धुतले, उताराच्या बांबूच्या माचावर टाकले, वर पत्रा, बाजूंनी पंखे. गाठींचे बहुतेक वाचले. टफ्टेड बरेचसे हातात सुटून आले. ते माणसांना परत नेऊन देताना फार वाईट वाटलं. तो माच आम्ही काढला नाही आणि धुलाईचं काम तिथूनच सुरू झालं.

आता मे महिन्यात लोकरीचे गालिचे गोळा करतो. दोन्ही बाजूंनी ब्रश, सकाळचं ऊन, मग घडी न घालता पाइपवर गुंडाळी आणि वर जुनं सुती धोतर. प्लास्टिक कधीच नाही, आत घाम धरतो. कसर लागू नये म्हणून दर पंधरवड्याला एकेक उलगडून बघतो. दसरा झाला की घरपोच.

मालगुंडच्या काकू आता दरी वापरतात. दरवर्षी मे सुरू झाला की त्यांचा फोन ठरलेला, लेकाने घेतलेल्या लोकरीच्या गालिच्यासाठी: "पाऊस लागायच्या आत घेऊन जा गो."