शंभराचे नव्व्याण्णव

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईल आणि लॅपटॉप रोजचेच. जुने गेमचे डबे वर्षाकाठी दोन-चार येतात. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात भर पावसात खानापूरकडचे बहीणभाऊ आले. भाऊ चाळिशीचा, पुण्याहून सणाला आलेला. प्लास्टिकच्या पिशवीत राखाडी प्लेस्टेशन, त्यांच्या मामानं दुबईहून आणलेलं.

"डिस्क फिरते की ओ, पण वाचत नाही."

उघडलं. लेन्सवर धुळीचा थर होता आणि रुळांवरचं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं. खानापूरची ओल घरात ठेवलेल्या वस्तूला सोडत नाही. साफसफाई केली, नवं ग्रीस लावलं आणि तपासायला एखादी डिस्क मागितली. बहिणीनं फायनल फँटसी ८ पुढं केली.

"ती नको," भाऊ म्हणाला. "सगळ्या मालिकेतला वाईट गेम तो."

"तुला खेळता आला नाही म्हणून वाईट!"

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. हा वाद मला चांगला माहीत आहे. १९९७ला सातवा भाग आला आणि लोक त्यावर जीव टाकू लागले. फेब्रुवारी १९९९मध्ये जपानात आठवा आला आणि खेळणाऱ्यांत जी फूट पडली ती आजही तशीच आहे. मीही तेव्हा तो अर्ध्यावर सोडला होता.

भावाची तक्रार खरी होती. या भागात मंत्र राक्षसांकडून ओढून घ्यायचे, एकेक शंभरापर्यंत साठवायचे आणि आपल्या ताकदीला, आयुष्याला जोडायचे. जोडलेला मंत्र वापरला की साठा घटतो आणि त्याबरोबर ताकदही घटते. "म्हणजे मंत्र आहे, पण टाकायचा नाही. आणि आपण लेव्हल वाढवावी तर राक्षसाचीही वाढते! मग राबायचं कशाला?" मारलेल्या राक्षसाकडून पैसे मिळत नाहीत; नायकाला सैनिकासारखा दर्जाप्रमाणे पगार मिळतो, तोही चालत राहिलं की.

बहीण म्हणाली, "मी तर पत्ते खेळत बसलो होतो." (आमच्याकडं बायकाही 'बसलो होतो' असंच म्हणतात.) तिनं राक्षसांना मारलंच नव्हतं. गेममध्येच एक पत्त्यांचा खेळ आहे; त्यासाठी राक्षसांचे पत्ते केले, म्हणजे अनुभवाचे गुण मिळत नाहीत आणि लेव्हल खालीच राहते. मग त्या पत्त्यांच्या वस्तू, वस्तूंचे मंत्र. पगार वाढवायला मेनूतल्या लेखी परीक्षाही दिल्या.

मेमरी कार्ड लावलं. पंधरा ब्लॉकांच्या त्या कार्डावर दोघांचे सेव्ह शेजारी शेजारी होते. बहिणीचा चौथ्या डिस्कवर, लेव्हल एकोणीस. भावाचा तिसऱ्यावर, लेव्हल अडुसष्ट. मी बघतच राहिलो. एकच गेम, एकच घर, पण दोघं दोन निरनिराळे खेळ खेळले होते. आधीच्या सात भागांनी शिकवलं होतं की भिड, मार, मोठा हो. आठव्यानं तो धडा उलटा केला आणि सुरुवातीला पानंच्या पानं माहिती देऊनही नेमकं तेवढंच ठळकपणे सांगितलं नाही. म्हणून नावं ठेवणारे मूर्ख, असं मी कधीच म्हणणार नाही. मेहनती पोरालाच जिथं शिक्षा होते, तिथं दोष गेमचा आहे.

कथेवरूनही जुंपली. नायक स्क्वॉल आणि, रिनोआ सोडली तर, त्याचे सोबती एकाच अनाथाश्रमात वाढलेले असतात आणि अर्व्हाइन सोडला तर कुणालाच ते आठवत नाही. जीएफ, म्हणजे ज्या शक्तींना ते लढाईत बोलावतात, त्या आठवणी खातात. "ओढूनताणून आणलंय," भाऊ म्हणाला. बहीण म्हणाली, "ताकदीची किंमत आहे ती. तू तर प्रत्येक लढाईत जीएफ बोलवायचास." इथं मी तिच्या बाजूचा. तो प्रसंग घाईत उरकलाय खरा, पण त्यातली कल्पना मला मालिकेतल्या कितीतरी गाजलेल्या प्रसंगांपेक्षा मोठी वाटते.

भाऊ अडला होता अॅडेलपाशी. ही चेटकीण. स्क्वॉलची सोबतीण रिनोआ तिच्या अंगाला जखडलेली असते. रिनोआ मेली की खेळ संपला. जीएफ बोलावला की मार दोघींना लागतो, आणि नाही बोलावला तरी अॅडेल रिनोआचं आयुष्य शोषत राहते. दोन उन्हाळे प्रयत्न करून त्यानं सोडून दिलं होतं.

"लाव," बहीण म्हणाली. "इथंच लाव."

मी पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही वळवला. पहिल्यांदा त्यानं सवयीनं जीएफ बोलावला आणि हरला. दुसऱ्यांदा ती मागं उभी राहून म्हणाली, "दादा, रिनोआवर रिजेन टाक."

"तो मंत्र आयुष्याला जोडलाय. पूर्ण शंभर आहेत."

"नव्व्याण्णव होतील. होऊ देत की!"

त्याचा अंगठा बटणावर थांबला. ते शंभर त्यानं शाळकरी वयात एकेक करून ओढले होते. चार्जर घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं काउंटरपाशी गप्प उभी होती. मग त्यानं बटण दाबलं. रिनोआचं आयुष्य थोडं थोडं भरू लागलं. पुढं नुसती स्क्वॉलची तलवार. प्रत्येक वार लागताना आर१ दाबायचं. ते तर त्याला झोपेतही जमलं असतं. रिजेन संपला की पुन्हा टाकत होता, आता न विचारता. अॅडेल पडली तेव्हा बहिणीनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

मी दुरुस्तीचे पैसे सांगितले. दोघांचंही लक्ष नव्हतं. पुढचे प्रसंग संपले आणि पडद्यावर चौथी डिस्क घाला असं आलं.

"मला तरी वाईटच वाटतो हा गेम," भाऊ म्हणाला आणि डब्यात चौथी डिस्क शोधू लागला.