अंदर-बाहर: पन्नासवर अडकलेला आकडा अखेर हलला

सुटला! तीन आठवडे छळणारा गुंता आत्याच्या ओटीवर, गणपतीच्या जागरणाच्या रात्री सुटला. तेव्हापासून कधी एकदा लिहून काढते असं झालंय.

मागच्या वेळी जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करते. नव्यांसाठी खेळ एका ओळीत: एक पत्ता उघडायचा, तो जोकर; मग अंदर आणि बाहर या दोन बाजूंना आळीपाळीने एकेक पत्ता टाकत जायचं, जोकरशी जुळणारा (राणी असेल तर राणी) पत्ता आधी जिथे पडेल ती बाजू जिंकते. जोकर उघडला की कॅटमध्ये ५१ पत्ते उरतात, त्यात जुळणारे तीन. त्या तिघांच्या जागांच्या शक्यता २०,८२५. त्यातल्या १०,७२५ मध्ये पहिली जुळणी विषम क्रमांकाच्या पत्त्यावर होते. म्हणजे पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो ती बाजू ५१.५ टक्के डाव जिंकते. पहिला पत्ता अंदरला धरला तर अंदर ५१.५, कागदावर एवढं स्वच्छ. आणि माझा पायथनचा प्रोग्राम दहा लाख डाव खेळून सांगायचा, अंदर ५०.०२. पुन्हा चालवला की ४९.९७. दहा लाख डावांत आकडा फार तर एक दशांश टक्का इकडेतिकडे होतो, दीड टक्का कधीच नाही.

त्यात आणखी एक गोष्ट खुपत होती. अंदरला १०० वर ९० आणि बाहरला १०० वर १०० मिळतात. प्रोग्रामचा आकडा खरा मानला तर बाहरवर हाउस एज, म्हणजे लावलेल्या पैशांतून सरासरी कॅसिनोकडे जाणारा वाटा, शून्य येतो. कुठलाही कॅसिनो असा बिनफायद्याचा डाव मांडून बसत नाही. चूक माझ्याकडेच होती, फक्त कुठे ते सापडत नव्हतं.

पहिला संशय पिसण्यावर. पिसण्याचा कोड मी हाताने लिहिला होता: प्रत्येक पत्त्याची कॅटमधल्या कुठल्याही जागेशी अदलाबदल. ही पद्धत चुकीचीच आहे, तिच्यातून सगळ्या रचना सारख्या प्रमाणात येत नाहीत. अजून न पिसलेल्या पत्त्यांतूनच निवडायचं असतं. ते काढून पायथनचं तयार शफल घातलं. अंदर ५०.०१. दुरुस्ती गरजेची होती, पण दुखणं वेगळंच होतं. मग रँडम आकड्यांवर संशय घेतला. पायथन ज्या पद्धतीने हे आकडे काढतं तो मर्सेन ट्विस्टर आपल्या असल्या कामाला पुरून उरतो हे ठाऊक असूनही सीड, म्हणजे त्याला सुरुवातीला द्यायची संख्या, बदलून बदलून दोन रात्री घालवल्या. आकडा हलेना.

म्हणून संगमेश्वरला जाताना पत्तेच बरोबर नेले. आत्याकडे जागरणाला पत्ते असतातच. मेंढीकोट संपल्यावर ती म्हणाली, चल, तुझं ते अंदर-बाहर वाटते मी. वहीत रेघा मारत आम्ही ४२० डाव मोजले. अंदर २१४, म्हणजे जेमतेम ५१ टक्के. चारशे डावांत आकडा पाच टक्के इकडेतिकडे सहज होतो, त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही. ५० आणि ५१.५ मधला फरक हाताने वाटून दाखवायचा तर निदान साडेचार हजार डाव लागतील. हे आधी कागदावर करायला हवं होतं.

(पत्त्यांबद्दल एवढंच सांगते: स्वस्त मिळतात म्हणून कागदी पत्त्यांचे डझनभर कॅट एकदम मागवू नका. कोकणच्या पावसात दुसऱ्या दिवशी त्यांच्या कडा वळल्या आणि दोन-दोन पत्ते चिकटून पडायला लागले. पूर्ण प्लास्टिकचेच घ्या.)

मग छोटा कॅट करून बघायचं ठरवलं. जोकर इस्पिक राणी. उरलेल्या तीन राण्या, एक दुर्री, एक तिर्री, असे पाचच पत्ते. जुळणाऱ्या पत्त्यांच्या जागा दहाच प्रकारे पडू शकतात, त्यातल्या सात प्रकारांत पहिली बाजू जिंकते. जमिनीवर एकेक रचना मांडून मोजली, बरोबर सात. सूत्र पक्कं ठरलं. खात्रीसाठी जोकर बदलला, बदाम राणी ठेवली आणि पुन्हा वाटायला लागले.

आत्या म्हणाली, "अगं, आता उलटं का टाकत्येस?"

मी हाताकडे बघितलं. पहिला पत्ता बाहरला पडला होता.

ऑनलाइन खेळाच्या एका प्रकारात जोकर काळा असेल तर पहिला पत्ता अंदर आणि लाल असेल तर बाहर, असा नियम असतो. सुरुवातीला मी त्याच्यावरच काम करत होते. तो नियम हातात बसला होता, आणि कोडमध्येही त्याच्या दोन ओळी तशाच राहिल्या होत्या. आत्याकडे पहिला पत्ता कायम अंदरच. कागदावर मीही तेच धरलं होतं. निम्मे जोकर काळे, निम्मे लाल. म्हणजे अंदरला निम्म्या वेळा पहिल्या पत्त्याचा फायदा आणि निम्म्या वेळा तेवढाच तोटा. सरासरी पन्नासच येणार! प्रोग्राम पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. मी त्याला अंदर किती वेळा जिंकतं ते विचारत होते, विचारायला हवं होतं पहिली बाजू किती वेळा जिंकते ते. आणि त्या प्रकारात ९० रुपये पहिल्या बाजूलाच मिळतात, नाव कुठलंही असो.

लॅपटॉप तिथेच उघडला. एक ओळ बदलली. ५१.४९. पुन्हा, ५१.५३. आत्याला आकडा दाखवला तर तिने देवापुढचा पेढा आणून हातावर ठेवला. हाउस एज आता पहिल्या बाजूवर २.१५ टक्के आणि दुसऱ्या बाजूवर ३ टक्के.

त्याच झपाट्यात साइड बेटही, म्हणजे मुख्य डावाबरोबरच्या जोडपैजाही, उरकल्या. जुळणी किती पत्त्यांत होईल यावर लावायची ती. माझ्याकडच्या तक्त्यात १ ते ५ पत्त्यांना ३.५ पट आहे. ही शक्यता २७.१ टक्के. लावलेले पैसे वेगळे परत मिळतात असं धरलं तर खेळणाऱ्यालाच २२ टक्के फायदा दिसतो! अर्थात ३.५ मध्ये लावलेली रक्कम धरलेली असते, मग हाउस एज ५.१ टक्के येतो. तक्त्यात 'पट' (लावलेली रक्कम धरून) लिहिलंय की 'एकास' (ती सोडून), हे आधी बघत जा. यातली मजा अशी की ४१ किंवा जास्त पत्त्यांची १२० पट सगळ्यांच्या डोळ्यांत भरते, तिच्यावर ४.९ टक्के कापले जातात. सगळ्यात महाग २६ ते ३०, पंधरा पट देऊन ८.५ टक्के. आणि कुणी ढुंकून बघत नाही त्या १६ ते २५ वर ४.५ पट, तिथे फक्त १.९. मुख्य डावापेक्षाही कमी!

आता तुम्ही दर वेळी विचारता तो प्रश्न: हे नव्या धाटणीचे खेळ खेळावेत का? पैशाने नको, असं माझं ठाम मत झालंय. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंदच केलेत, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. शंभर रुपयांचा डाव, तासाला साठ डाव धरा. पहिल्या बाजूवर सरासरी १२९ रुपये जातात, २६ ते ३० वर पाचशेच्या वर. खेळाला नवा साज चढवतात तो बहुतेक साइड बेटचाच, आणि खिसा तिथेच कापला जातो. ड्रॅगन-टायगरमध्ये (दोन बाजूंना एकेक पत्ता, मोठा जिंकतो) आठ कॅटवर टायला, म्हणजे दोन्ही पत्ते सारखे पडले तर, एकास आठ देतात, हाउस एज तब्बल ३२.८ टक्के. तीन पत्त्यांच्या पोकरमधल्या पेअर प्लस या साइड बेटमध्ये कलरला (तिन्ही पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक वगैरे) ४ ऐवजी ३ दिले की हाउस एज २.३ चा ७.३ टक्के होतो. तक्त्यातला एवढासा बदल खेळताना कुणाच्या लक्षातही येत नाही. चिंचोक्यांनी मात्र जरूर खेळा. एवढं गणित आणि एवढी रंगत एका कॅटमध्ये दुसरीकडे मिळणार नाही.

पुढचा हप्ता कॅसिनो वॉर या पत्त्यांच्या खेळावर लिहायचा ठरवला होता. पण हे लिहितानाच सुचलं: डाव लांबला तर पहिल्या बाजूचं पारडं जड होत जातं का? दोन पत्ते पडून गेले की उरले ४९, तेव्हा ५१.५६ टक्के. चाळीस पत्ते पडूनही जुळणी झाली नाही तर उरलेल्या ११ पत्त्यांत १६५ पैकी ९५, म्हणजे ५७.६! काही प्रकारांत पहिले दोन पत्ते पडल्यावर दुसऱ्यांदा लावू देतात, तिथे हे थेट लागू पडतं. तर वॉर मागे ठेवते आणि आधी प्रत्येक टप्प्याचा पूर्ण तक्ता करते. दिवाळीत आत्या इकडे येणार आहे. साडेचार हजार डाव वाटून पूर्ण करू म्हणालीय, चिंचोक्यांची पिशवी घेऊनच येते म्हणाली.